नवसाशिवाय अनवाणी

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बायका चपला काढून ठेवतात. कुणी दाराआड, कुणी पत्र्यावर, कुणी सरळ पिशवीत बांधून माळ्यावर, म्हणजे सवयीनं पायात जायला नकोत. दुसऱ्या दिवसापासून पहाटे डोंगरावरच्या देवीला अनवाणी जायचं असतं, ते थेट दसऱ्यापर्यंत. कालही ही आवराआवर चालली होती आणि मी ओट्यावर बसून बघत होते. काढून ठेवलेल्या बाजरीचा वास येत होता, बांधावर तरवड पिवळा झाला होता, ज्वारीच्या पेरणीसाठी कुणाचा तरी ट्रॅक्टर अंधार पडेपर्यंत रानात फिरत होता. सगळं दरवर्षीसारखं. मला त्यातलं काही फारसं आत पोचत नाही, हेही आता दरवर्षीसारखं झालं आहे. फक्त तळपायांना काहीतरी आठवतं.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. मी रोज सकाळी जीपनं तालुक्याला जाते आणि तिथल्या कचेरीत आवक-जावक बघते. पत्र येतं, त्याला क्रमांक द्यायचा, संगणकात चढवायचं, ज्या टेबलाचं असेल त्या टेबलाला पाठवायचं. ही नोकरी माझ्या नवऱ्याची होती. ते गेले आणि अनुकंपा म्हणून ती मला मिळाली. शाखा तीच, टेबल तेच आणि खुर्चीसुद्धा तीच. त्यांना उजव्या हाताला रेलून बसायची सवय होती, त्यामुळे गादी एका बाजूनं दबलेली. पहिल्या दिवशी मी बसले आणि आपोआप उजवीकडे कलले. त्याच खुर्चीत, डबा खाऊन झाल्यावर, त्यांना दरदरून घाम सुटला होता. नगरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं की बायकांनी मला दंडाला धरून भिंतीशी बसवलं. नंतर मी उठले की कुणीतरी म्हणायचं, "बस गं बाय, तू नको उटू." चहा हातात, पाणी हातात. बारा दिवस मी बसून. तोवर मी आयुष्यात कधी इतकी बसलेली नव्हते. खुरपणी, उडीद उपटणं, कांद्याला पाण्याची दारं धरणं, गुरांचं शेण, धुणी, सगळं दिवसभर उभ्यानं नाही तर ओणव्यानं. बसायचं ते भाकरी थापताना. आणि एका दिवसात मला बसवलं ते कुणी उठवलंच नाही. भिंतीपासून निघाले ती खुर्चीवर आले.

कचेरीतले लोक वाईट नाहीत, उलट फार चांगले आहेत, तीच तर पंचाईत. "वहिनी, तुम्ही बसा, मी आणतो." हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकते त्याला गणती नाही. फाईल आणायला उठले की शिपाई पळत येतो. पाण्याला उठले की बाटली टेबलावर. एकदा वरच्या मजल्यावर पत्र द्यायला स्वतः निघाले, तर आमचे शेजारच्या टेबलाचे भाऊसाहेब, जे जिना चढताना स्वतः दोनदा थांबतात, ते माझ्या हातातून पत्र काढून घेऊन गेले. साहेबांची बायको, आणि तिनं जिने चढायचे? माझ्या नवऱ्याला सगळे साहेब म्हणत. ते कारकून होते, पण पँट घालून खुर्चीवर बसणारा माणूस आमच्याकडे साहेबच असतो.

सगळ्यांत जास्त अभिमान आत्यांना होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पोराला नोकरी लागल्यावर त्यांनी त्याला कधी रानात पाऊल टाकू दिलं नाही. सुगीला माणसं मिळेनाशी झाली आणि हे पँट दुमडून बांधावर आले, तर आत्या म्हणायच्या, "तू व्हय बाजूला. लोक काय म्हनतील?" मग बाभळीखाली प्लॅस्टिकची खुर्ची यायची. हे तिथं बसून आम्हाला बघायचे. मला त्याचं हसू यायचं. आम्ही दोघी सासूसुना घामानं निथळतोय आणि साहेब खुर्चीत.

डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं. त्यांनी सुरुवातही केली होती. पण आमच्याकडे रस्त्यानं चालत निघालेल्या माणसाला चालत राहू देणं हा उद्धटपणा समजतात. पहिलीच मोटारसायकल थांबली. "साहेब, गाडी बंद पडली का? बसा मागं." नाही म्हटलं तर समोरच्याचं तोंड पडायचं, म्हणजे माझी गाडी तुमच्या लायकीची नाही का. दुसरी थांबली. तिसऱ्याला हे बसले. आठवडाभर ते रोज घरून चालत निघायचे आणि रोज कुणाच्या तरी मागं बसून परत यायचे. शेवटी म्हणाले, "अगं, माझ्यापायी गावाचं पेट्रोल जाळण्यात काय अर्थ आहे?" आणि बंद केलं. आम्ही दोघं खूप हसलो होतो त्यावर. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझे पाय जायला लागले. आधी मुंग्या. दुपारनंतर खुर्चीतून उठले की पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे, जमीन लागायचीच नाही. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. एकदा जीपमध्ये उजव्या पायातली चप्पल गळून पडली आणि घराच्या दारात आत्यांनी विचारेपर्यंत मला पत्ता नव्हता. त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाचणी टोचून पाहिली. डाव्या पायाला कळलं, उजव्याला नाही. ते म्हणाले, "बाई, साहेबांनाही मी हेच सांगत होतो. बसणं कमी करा, सकाळी चाला. नाहीतर हा पाय हळूहळू कामातून जाईल." मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर भीतीसुद्धा वाटली नाही. त्या वर्षी मला कशाचीच भीती वाटत नव्हती, आनंद वाटत नव्हता, आणि यांच्या फोटोला हार घालताना रडूही येत नव्हतं. पायाचं नाव तेवढं निघालं, बाकीचं डॉक्टरांनी तपासलं नाही.

पण चालायचं कसं? पुरुष चालला तर त्याची गाडी बिघडलेली असते. बाई रिकाम्या हातानं चालली तर तिचं घर बिघडलेलं असतं. आमच्या रस्त्यावर बाईच्या डोक्यावर काहीतरी लागतं, नाहीतर कडेवर, नाहीतर हातात निदान दुधाची किटली. मी पहिल्या सकाळी नुसतीच निघाले तर वळणावर मंदाबाई भेटल्या. त्या आमच्या शेजारच्या, गुरांना घास आणायला निघालेल्या. "काय झालं गं? घरात काय बोलाचाली झाली का?" नाही म्हटलं. "मग आशी कुटं निगाली?" मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय चालायला. त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "चल घरी. म्या सोडते तुला." आणि दंडाला धरून मला घरी आणून सोडलं. आत्यांना हळूच सांगून गेल्या की हिच्यावर लक्ष ठेवा, विहिरीच्या बाजूला चालली होती.

असं पंधरवडाभर मी घरातच, न्हाणीपासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. आणि नवरात्र आलं.

नवरात्रात आमच्याकडे बाईला चालता येतं. पहाटे, अंधारात, एकटीनं, रिकाम्या हातानं, कुणी कुठं म्हणून विचारत नाही. पाय अनवाणी दिसले की मोटारसायकलवाला गाडी हळू करतो, हात जोडतो आणि पुढं जातो. आजवर मी ह्या सगळ्याकडे देवाचं म्हणून पाहिलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ही आमच्या बायकांना मिळालेली फिरायची रजा आहे. मी चपला काढल्या.

आत्यांनी त्या वर्षी घट बसवला नाही. दुखवट्याचं वर्ष सरलं होतं, बसवायला हरकत नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "अंगात बळ न्हाई." पण देव्हाऱ्याला त्यांनी पाठ केली होती हे मला दिसत होतं. पोरगा गेल्यापासून त्यांनी देवीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेत वाट्यानं दिलं होतं, गुरं विकून टाकली होती, आणि त्याही माझ्यासारख्याच दिवसभर बसून असायच्या. मी पहाटे निघाले की जाग्या असायच्या, बोलायच्या नाहीत. मी देवीला जाते याचा त्यांना राग येत असावा असं मला वाटायचं. देवीनं आपल्या घराचं काय केलं हे माहीत असून ही बाई तिच्याकडे जाते. मी खुलासा केला नाही. तेवढं बोलण्याइतकी ताकद दोघींतही नव्हती.

डोंगर तसा लहान आहे. खाली माळ, मग मुरमाची वाट, मग पायऱ्या. पहिले दोन दिवस सगळ्या बायकांच्या मागं पडायचे. दवानं भिजलेल्या गवताची कुसळं लुगड्याच्या काठाला चिकटायची. माळावर सराटे फार. बायका मध्येच थांबून "आगं आई गं" म्हणत पाय उचलायच्या, काटा काढून पुढं व्हायच्या. मला डाव्या पायात काटा रुतला की कळायचं. उजव्यातले घरी येऊन न्हाणीत पाय धुताना काढायचे. एकदा चार-पाच निघाले, रक्त आलेलं. ते काटे मी दगडावर ठेवून बघत बसले होते. माझेच आहेत असं वाटेना.

वर गेल्यावर बायका हळदीकुंकू लावतात एकमेकींना. गावात ठराव झालाय, विधवा-सवाष्ण असा भेद पाळायचा नाही, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसं रंगवलंही आहे. त्यामुळे कुंकवाची वाटी माझ्यापर्यंत यायची. मग ती धरणारा हात क्षणभर थबकायचा, आणि मग बोट माझ्या कपाळाकडे यायचं. त्या बाईचाही काही दोष नाही. मला त्या थबकण्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. बायका डोळे मिटून काय काय मागायच्या. मी डोळे मिटायचे आणि आत काहीच नसायचं. देवीसमोर उभं राहून माझ्या मनात यायचं की आता उतरताना गुडघ्यावर जोर येईल.

दसरा झाला. सोनं वाटून झालं, बायकांनी चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावर उभी राहिले आणि विचार केला, चप्पल घातली तर पुन्हा मंदाबाई दंडाला धरून घरी आणणार. मग मी तशीच अनवाणी निघाले.

आता ह्याचा अर्थ गावानं काय काढावा? दसऱ्यानंतरही जी अनवाणी जाते तिनं मोठा नवस बोललेला असणार. आणि विधवेनं मोठा नवस कशाचा बोलायचा? माझी पोरगी नगरला नर्सिंगला आहे, तिच्या लग्नाचा असेल. कुणी म्हणालं, नोकरी कायम व्हावी म्हणून. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या आत्म्यासाठी. मी खरं सांगितलं, पायासाठी. "पायासाठी" म्हटल्यावर बायकांनी माना डोलावल्या, म्हणजे देवीनं पाय बरा करावा म्हणून नवस.

आणि मग तेल सुरू झालं. आमच्याकडे जिला जाता येत नाही ती जाणारीच्या हातात देवीच्या दिव्यासाठी तेल देते. पहिल्यांदा मंदाबाईंनीच दिलं, औषधाच्या जुन्या बाटलीत. "तू चाललीच हायेस तर माज्या नावानं तेवडं घाल. गाय गाभन राहीना." मग त्यांच्या जावेनं दिलं. मग पलीकडच्या आळीतून यायला लागलं. कुणाच्या नातवाचा ताप, कुणाच्या लेकीला दिवस राहिलेले, कुणाचा नवरा दारू सोडेना. कापडी पिशवीत बाटल्या वाजवत मी चालायचे. आता माझ्या हातात ओझं होतं, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं. वर जाऊन मी एकेक बाटली दिव्यात रिकामी करायचे आणि ज्याचं त्याचं नाव घ्यायचे. पोस्टातल्या माणसासारखं निर्विकार काम होतं ते. आवक-जावकच, म्हणा. माझं स्वतःचं त्यात काही नसायचं.

पाय मात्र बळकट होत होते. पायऱ्यांवर थांबावं लागेना. कचेरीत मी शिपायाला दटावून सांगितलं की माझी पाण्याची बाटली मी भरणार. तो बिचारा माझ्या मागं नळापर्यंत येऊन उभा राहायचा. डाव्या पायाला थंडी, दव, बारीक खडी सगळं लागत होतं. उजव्याला अजून नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, आणि कदाचित सगळं परत येणारही नाही. टाचा मात्र दोन्ही फुटल्या होत्या, भेगांत माती बसून काळ्या झालेल्या. खुर्चीवर बसताना मी पाय टेबलाखाली ओढून घ्यायचे.

थंडी पडायला लागली होती. एका पहाटे मी निघाले तर आत्या दारात उभ्या. हातात एक छोटी वाटी, वर फडकं बांधलेलं. "हे घे," म्हणाल्या. मी फडकं न सोडताच ओळखलं, करडईचं तेल. आमच्याच रानातल्या करडईचं, शेत वाट्यानं द्यायच्या आधीचं, घरात शेवटचं उरलेलं. ते त्या कशालाच वापरू देत नव्हत्या. मला गलबलून आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मला एवढंच कळलं की काहीतरी मोठं घडलं आहे. आत्यांनी देवीचा राग सोडला. मी विचारलं, "कुणाच्या नावानं?" त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "नाव कशाला लागतंय?" मला वाटलं, पोराचं नाव घेववत नाही. मी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि एक थेंब सांडू न देता डोंगर चढले. बाकीच्या बाटल्या पिशवीत होत्या, वाटी मात्र हातात. वर गेल्यावर आधी ती रिकामी केली, आणि यांचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. नवऱ्याचं नाव मी तोपर्यंत कधी असं उच्चारलं नव्हतं, आमच्यात घेत नाहीत.

खाली आले तेव्हा उजाडलं होतं. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग रिकाम्या वाटीकडे.

"लावलं न्हाई का?"

"घातलं की. दिव्यात. सगळं घातलं."

"दिव्यात? आगं, तुज्या टाचंला दिल्तं ते. वर जाऊन निवांत बसून लावशील म्हनून."

आत्यांनी देवीला काही पाठवलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या तेलाचा मी दिवा लावून आले होते आणि त्यांच्या पोराचं नाव घेऊन आले होते, हे सगळं मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. नाव घेतल्याचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मग उठून आत गेल्या, आणि भाजीच्या फोडणीला वापरतो ते पिशवीतलं तेल पळीत घेऊन आल्या.

"बस हितं," म्हणाल्या.

आजवर ज्यानं त्यानं मला बस म्हटलं होतं. मी बसले. आत्या माझ्यासमोर खाली फरशीवर बसल्या आणि त्यांनी माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. मी पाय ओढून घेतला, त्यांनी तो परत ओढला. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. त्या भेगांतली माती नखानं काढत होत्या, वरून तेल सोडत होत्या. त्यांचा तळहात मला मऊ लागला. जन्मभर खुरपं धरलेल्या त्या हाताला घट्टे होते, ते कधी गेले ते मी पाहिलंच नव्हतं. त्यांनाही कुणीतरी बसवून ठेवलं होतं, आणि त्यांना चाला म्हणून सांगणारं कुणी नव्हतं. तिथं मला रडू आलं. यांच्यामागं पहिल्यांदा.

गल्लीच्या तोंडाशी जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी उठले नाही. त्यानं परत दिला, आणि थोडा वेळ थांबून तो गेला.

आत्यांनी उजवा पाय मांडीवर कधी घेतला ते मला डोळ्यांनी बघूनच कळलं. त्या चोळत होत्या, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत, जोर लावून.

"कळतंय का काय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर सोडून हे मला कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. पळीतलं उरलेलं तेल टाचेवर ओतलं आणि म्हणाल्या, "मग उद्या बी चोळू."